लहान मुलांना घेऊन उन्हाळ्यात मासे धरायला जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात सात वर्षांची मुलगी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा आहे. वडिलांना लहानपणापासून गळाने मासे धरण्याचा नाद आहे. आईला तो नाद नसला तरी पाण्याकाठी दिवस घालवण्याची हौस आहे. गेल्या उन्हाळ्यात हे कुटुंब सकाळी दहाच्या सुमारास एका मोठ्या तळ्यावर गेले, सहा तास थांबले आणि एकही मासा न लागता परतले. मुलगी पहिल्या तासातच कंटाळली, मुलगा पाण्यात दगड फेकत राहिला म्हणून त्याला ओरडा बसला, आणि चौघांचीही कातडी उन्हाने भाजून निघाली. या उन्हाळ्यात त्यांना दोन-तीन एकदिवसीय सहली आणि तीन रात्रींचा एक मुक्काम करायचा आहे. वेळ कोणती निवडावी, सामान काय घ्यावे, होडीत जावे का, धरलेला मासा सोडावा की ठेवावा, आणि मुलांना यात गोडी कशी लागावी, असे त्यांनी विचारले आहे.

वडिलांनी आपल्या वर्णनात जाता जाता एक वाक्य लिहिले आहे : ‘मी दोन काठ्या लावल्या होत्या, एक माझी आणि एक मुलीची.’ गेली बावीस वर्षे मुलांना गळ टाकायला शिकवताना जे पाहिले, त्यावरून सांगतो की सहल बिघडली ती या वाक्यापाशीच. स्वतः गळ टाकून बसलेल्या माणसाचे लक्ष स्वतःच्या दोरीवर असते, आणि ते तिथेच असावे लागते, नाहीतर मासा आमिष खाऊन निघून जातो. पण मग मुलीची दोरी गुंतली की ती सोडवणे हा व्यत्यय वाटू लागतो, मुलाने दगड फेकला की मासे बुजल्याचा राग येतो, आणि ‘घरी कधी जायचे’ हा प्रश्न तिसऱ्यांदा आला की उत्तर तुटकपणे दिले जाते. हे सगळे मुलांना बरोबर कळते. म्हणून माझा पहिला सल्ला बहुतेक वडिलांना कडू लागतो : मुले बरोबर असतील त्या दिवशी स्वतःची काठी घरी ठेवा. गाडीच्या डिकीतही ठेवू नका, कारण डिकीतली काठी तासाभरात बाहेर येते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. निदान पहिले दोन उन्हाळे तुमचे काम आमिष लावणे, गुंता सोडवणे, मासा गळावरून काढणे आणि पाण्याकडे नजर ठेवणे एवढेच आहे. तुमच्या हौसेची सोय कुठे करायची, ते शेवटी सांगतो.

आता वेळेबद्दल. सकाळी दहा ते दुपारी चार हा तुम्ही निवडलेला काळ माशांसाठीही वाईट होता आणि मुलांसाठीही, आणि त्यामागे योगायोग नाही. मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. पाणी तापले की त्याच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते, पण तापलेल्या पाण्यात प्राणवायू विरघळतो मात्र कमी. वीस अंश सेल्सिअसच्या एका लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर तीस अंशांना तो आकडा साडेसातच्या आसपास उतरतो. म्हणजे जेव्हा जास्त हवा तेव्हाच कमी मिळतो. शिवाय भर दुपारी उजेड सरळ खाली उतरतो, उथळ पाण्यातला मासा वरून सहज दिसतो, आणि पक्ष्यांच्या भीतीने तो सावलीत, पाणवनस्पतींच्या आडोशाला किंवा खोल भागात सरकतो. खोल तळ्यात उन्हाळ्यात पाण्याचे थरही पडतात : वरचा थर कोमट आणि हलका, खालचा गार आणि जड, आणि दोन्ही मिसळत नसल्याने अगदी तळाशी प्राणवायू संपत जातो. त्यामुळे ‘दुपारी मासे तळाशी जातात, तेव्हा गळही तळाला सोडावा’ हा ऐकीव सल्ला खोल तळ्यात बऱ्याचदा फसतो. मासे मधल्या पट्ट्यात असतात, आणि लहान मुलाच्या छोट्या काठीने तिथपर्यंत पोचता येत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ इतकाच की सूर्य उगवल्यापासूनचे दोन-तीन तास आणि मावळतीच्या आधीचे दोन तास तुमचे आहेत. यातही लहान मुलांसाठी मी संध्याकाळ पसंत करतो. पहाटे उठवलेले साडेतीन वर्षांचे मूल नऊ वाजेपर्यंत किरकिरे होते, तर दुपारची झोप काढून आलेले मूल संध्याकाळी ताजे असते. याला आणखी एक कारण आहे. ज्या तळ्यात शेवाळ आणि पाणवनस्पती फार आहेत, तिथे रात्रभर वनस्पतीही प्राणवायू वापरत असतात, त्यामुळे पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते आणि मासे सुस्त असू शकतात. दिवसभराच्या उन्हात त्याच वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात आणि संध्याकाळी पाणी जिवंत होते. वाहत्या नदीत हा फरक फारसा जाणवत नाही.

किती वेळ थांबावे, याचे माझे माप ठरलेले आहे : साडेतीन-चार वर्षांच्या मुलाच्या हातात काठी पंधरा मिनिटे, सात वर्षांच्या मुलीच्या हातात चाळीस-पन्नास मिनिटे. त्यापुढचा वेळ इतर गोष्टींचा. सगळी सहल, जाण्या-येण्याचा प्रवास सोडून, दोन-अडीच तासांच्या वर जाऊ देऊ नका, आणि मूल कंटाळण्याची वाट न पाहता त्याच्या थोडे आधी आवरते घ्या. ‘अजून एकदा टाकू दे ना’ असे मूल म्हणत असतानाच उठलात, तर पुढच्या आठवड्यात ते स्वतःहून काठी शोधत येते.

जागा निवडताना मोठ्या माशांची कीर्ती असलेले तळे टाळा. मोठे मासे असलेल्या पाण्यात बसून राहावे लागते, आणि मुलांना बसून राहता येत नाही. बोटभर-वीतभर लांबीचे मासे भरपूर असलेले लहान तळे किंवा संथ वाहणारा ओढा शोधा, कारण मुलाला माशाच्या आकाराचे काही नसते, दर दहा मिनिटांनी काहीतरी घडावे एवढेच त्याला हवे असते. काठ सपाट असावा, पाणी काठापासून हळूहळू खोल होत जावे, जवळ दाट सावली असावी आणि गाडी दोनशे पावलांच्या आत असावी. उंच धक्का, निसरडे कातळ आणि एकदम खोल होणारा काठ मोठ्यांना सोयीचा असला तरी तुमच्यासाठी नाही. धरणाच्या खालच्या बाजूची नदी तर मुलांबरोबर पूर्ण वर्ज्य समजा. पाणी सोडले की कोरडा दिसणारा खडक थोड्या वेळात पाण्याखाली जातो. पाण्यावर हिरव्या रंगाचा तेलकट, रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर ते नीलहरित शैवाल असू शकते आणि त्यात विष असू शकते. तिथे मुलांना हातही बुडवू देऊ नये. परवाना लागतो का, कोणत्या महिन्यांत विणीसाठी मासेमारी बंद असते, किती लांबीखालचा मासा सोडून द्यावा लागतो आणि पाण्यात चारा टाकायला परवानगी आहे का, हे त्या त्या पाण्याचे नियम पाहणाऱ्या कार्यालयाकडून निघण्यापूर्वीच विचारून घ्या. काठावर कोणी येऊन हटकले तर मुलांच्या दृष्टीने सहल तिथेच संपते.

सामानाच्या बाबतीत दुकानात तुम्हाला मुलांसाठी म्हणून रंगीत, चक्री असलेली आखूड काठी दाखवली जाईल. ती घेऊ नका. त्या चक्रीत दोरी सतत अडकते, आणि मूल मासे धरायला शिकण्याऐवजी यंत्र दुरुस्त होण्याची वाट पाहायला शिकते. पहिल्या उन्हाळ्यात चक्री नसलेली, टोकाला दोरी बांधायची सरळ काठी सर्वांत उत्तम : मुलासाठी दीड मीटरच्या आसपास, मुलीसाठी अडीच-तीन मीटर, आणि दोरी काठीपेक्षा वीतभर आखूड, म्हणजे काठी उभी केली की गळ आपोआप हातात येतो. दोरी ०.१८ ते ०.२० मिलिमीटर जाडीची नायलॉनची पुरे. गळ लहान घ्या, १० ते १४ नंबरचे. या मापात आकडा जितका मोठा तितका गळ बारीक, हे नवख्यांना उलटे वाटते. मोठ्या गळाला मोठा मासा लागतो हे खरे, पण लहान गळाला लहान मासाही लागतो आणि मोठाही, आणि तुम्हाला आज काहीतरी लागायला हवे आहे. प्रत्येक गळाच्या टोकामागचा उलटा काटा लांब तोंडाच्या पकडीने दाबून सपाट करून टाका. त्याने चार मासे निसटतील, पण मासा सोडवणे सोपे होईल आणि कोणाच्या बोटात गळ रुतलाच तर तो आला त्याच वाटेने बाहेर येईल.

फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी रंगीत कांडी, हे मुलांच्या मासेमारीचे हृदय आहे, आणि तिथेच बहुतेक जण चुकतात. फ्लोट बरणीच्या झाकणाएवढा मोठा घेतात आणि त्याला पुरेसे वजन लावत नाहीत. मग लहान मासा आमिष ओढतो तेव्हा त्याला फ्लोटची सगळी उचल विरोध म्हणून जाणवते आणि तो आमिष सोडून देतो. वर मात्र काहीच हललेले दिसत नाही, आणि मुलगी म्हणते की इथे मासेच नाहीत. बारीक, लांबट फ्लोट घ्या आणि दोरीवर एकेक छोटे वजन वाढवत जा, जोपर्यंत फ्लोटचे फक्त नखाएवढे टोक पाण्याबाहेर राहत नाही. असा फ्लोट माशाने नुसते तोंड लावले तरी थरथरतो, तिरपा होतो, आडवा पडतो आणि मग खाली जातो, आणि हे बघत राहण्यात मुलांचे भान हरपते. वजने शिशाची घेऊ नका. शिसे पाणपक्ष्यांच्या पोटात जाऊन त्यांना मारते, आणि ब्रिटनने हंसांच्या मृत्यूंमुळे १९८७ पासून लहान शिशाची वजने विकण्यावर बंदी घातली. पण त्याहून जवळचे कारण असे की मुले हाताला लागलेली वस्तू तोंडात घालतात आणि मोठी माणसे वजन दोरीवर बसवताना ते दातांनी दाबतात. कथलाची किंवा टंगस्टनची वजने मिळतात, ती वापरावीत, आणि दाबायला पक्कड आहेच.

पाण्याची खोली आधी मोजा. गळाला एक जड वजन अडकवून दोरी सोडा. फ्लोट बुडाला तर फ्लोट आणि गळ यांतले अंतर वाढवत जा आणि तो नेमका पृष्ठभागाशी येईल तिथे खूण करा. मग आमिष तळापासून चार बोटे वर राहील असे बसवा. ही मोजणी मुलीकडून करून घ्या. सात वर्षांच्या मुलीला न दिसणारा तळ दोरीने ‘पाहता’ येतो ही गोष्ट फार आवडते, आणि पुढे ती तुमची चूक काढू लागते.

मुलगा दगड फेकत होता, त्याबद्दल तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. त्याला पाण्यात काहीतरी फेकायचे आहे, आणि सुदैवाने या उद्योगात पाण्यात काहीतरी फेकणाऱ्या माणसाची गरजच असते. त्याच्या हातात पावाचा ओला चुरा असलेली वाटी द्या आणि दर दोन-तीन मिनिटांनी फ्लोटच्या आसपास चिमूटभर टाकायला सांगा. मूठभर नव्हे, कारण पोट भरलेला मासा गळाकडे फिरकत नाही. चारा थोडा पण सतत पडत राहिला की लहान मासे त्या जागी जमतात आणि टिकून राहतात. मी पाहिलेल्या सहलींमध्ये बहुतेक वेळा पहिला मासा असा चारा टाकणारे मूल हजर असताना लागला आहे, आणि त्या माशाचे अर्धे श्रेय त्याला उघडपणे द्यावे. त्याची दुसरी कामे म्हणजे गांडुळांचा डबा सावलीत ठेवणे, हातजाळे धरणे आणि बादलीतल्या माशाला नाव देणे. मुलीला मात्र फ्लोट खाली गेला की काय करायचे हे आधी कोरड्या जमिनीवर शिकवा : मनगटाने काठी हलकेच वर, हिसका न मारता. हिसका मारला की बोटभर मासा डोक्यावरून मागच्या झाडात जातो. त्यावर मुले खूप हसतात, पण माशाचे हाल होतात.

पाण्याच्या धोक्याविषयी मी सविस्तर लिहिणार आहे, कारण इथे निम्मेशिम्मे बरोबर असून चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून दगावली, आणि त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. लहान मूल बुडताना ओरडत नाही आणि हात हलवत नाही. श्वास घेण्याच्या धडपडीत त्याला आवाज काढताच येत नाही, आणि दहा पावलांवर बसलेल्या माणसाला पाण्याचा खळखळाटही ऐकू येत नाही. ‘आम्ही दोघेही लक्ष ठेवून होतो’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदा ‘दोघांनाही वाटले दुसरा बघतो आहे’ असा निघतो. म्हणून पाळी लावा. पंधरा किंवा वीस मिनिटे एकाच माणसाने फक्त पाण्याकडे आणि मुलांकडे पाहायचे. त्या वेळात फोन नाही, आमिष लावणे नाही, जेवणाचा डबा उघडणे नाही. पाळी बदलताना ‘आता तुझ्याकडे’ असे तोंडाने म्हणायचे आणि समोरच्याने ‘हो’ म्हणायचे. आमच्या घरात यासाठी एक लाल रुमाल असे. ज्याच्या गळ्यात रुमाल, त्याची पाळी. आणि पाण्याजवळ असताना मुलगा पाळीवरच्या माणसाच्या हाताच्या अंतराबाहेर जाऊ नये, हा नियम सर्वांत वरचा.

काठावरसुद्धा दोन्ही मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट असले पाहिजे, आणि ते मुलांच्या वजनानुसार घेतलेले असले पाहिजे. ‘वाढत्या अंगाचे’ जॅकेट घेण्याची काटकसर इथे करू नये. जॅकेटवर त्याची तरंगवून धरण्याची ताकद न्यूटनमध्ये लिहिलेली असते. पन्नास न्यूटनचे जॅकेट ज्यांना पोहता येते आणि मदत जवळ आहे अशांसाठी असते; पोहता न येणाऱ्या मुलासाठी किमान शंभर न्यूटनचे, मानेमागे कॉलर असलेले आणि दोन पायांमधून पट्टा जाणारे घ्यावे. अंगात घातल्यावर खांद्याला धरून मुलाला वर उचलून पाहा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर ते सैल आहे. फुगवायच्या रबरी कड्या आणि दंडावरचे फुगे ही खेळणी आहेत, त्यांच्यावर विसंबू नये. उन्हाळ्यातही खोल तळ्याचे किंवा डोंगरातून येणाऱ्या नदीचे पाणी पंधरा अंशांखाली असू शकते, आणि अशा पाण्यात अचानक पडल्यावर माणूस नकळत मोठा श्वास आत ओढतो. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असले तर चांगल्या पोहणाऱ्याचाही घात होतो.

होडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : या उन्हाळ्यात नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाला होडीत हलता येत नाही, लघवीला उतरता येत नाही आणि कंटाळा आल्यावर कुठे जाता येत नाही. मुलगी एकटी, एका पालकाबरोबर, वारा नसलेल्या संध्याकाळी अर्धा तास फिरून आली तर हरकत नाही, पण गळ न घेता.

गळाच्या जखमेबद्दल. माझी मुलगी पाच वर्षांची असताना मी मागे न पाहता काठी फिरवली आणि गळ तिच्या टोपीत, कानापासून दोन बोटांवर, रुतला. तिला काही झाले नाही; मला मात्र तो आवाज अजून आठवतो. तेव्हापासून डोक्यावरून गळ फेकण्याला माझ्याकडे पूर्ण बंदी आहे. सरळ काठीने फेकायची गरजच नसते : गळ हातात धरून दोरी ताणायची आणि लंबकासारखा पुढे झोका द्यायचा. सगळ्यांच्या डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर चष्मा हवा. पोलराइज्ड काचा घेतल्या तर पाण्यावरची चकाकी जाऊन मासेही दिसतात, त्यामुळे मुले तो आनंदाने घालतात. बोटात गळ गेलाच आणि काटा दाबलेला असेल तर तो आला त्याच दिशेने मागे काढा, जखम साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे का ते डॉक्टरांना विचारा. डोळ्यात किंवा डोळ्याजवळ गळ गेला तर तो काढण्याचा प्रयत्न अजिबात करू नका. दोरी कापा, डोळ्यावर दाब येणार नाही असा कागदी पेला झाकण म्हणून धरा आणि थेट रुग्णालयात जा.

उन्हाचे थोडक्यात. पाणी आणि वाळू दोन्ही ऊन परावर्तित करतात, ढगांतूनही अतिनील किरणे येतात, आणि म्हणून सावलीत बसूनही कातडी भाजते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसू लागली की मुलांना आडोशाला न्यायचे, ही खूण मुलीलाही शिकवता येते. लांब बाह्यांचे सैल कपडे हा खरा उपाय. सनस्क्रीन उरलेल्या उघड्या भागासाठी, किमान तीस एसपीएफचे, निघण्यापूर्वी आणि मग दर दोन तासांनी. झोपलेल्या मुलाला बंद गाडीत पाच मिनिटेही ठेवू नका. उन्हातल्या गाडीचे तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी चढते. आणि मेघगर्जना ऐकू आली की सामान तिथेच टाकून गाडीत जाऊन बसा. कार्बन फायबरच्या काठीतून वीज वाहते, आणि मोकळ्या काठावर ती हातात उभी धरणे म्हणजे विजेला बोलावणे आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबल्याशिवाय पुन्हा बाहेर पडू नये.

मासा सोडावा की ठेवावा, याचे उत्तर निघण्यापूर्वी ठरवा आणि मुलांना सांगा, कारण काठावर घेतलेला निर्णय रडारडीत संपतो. सोडायचा असेल तर जगेल अशा रीतीने सोडायला हवा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला जंतुसंसर्गापासून वाचवतो, आणि कोरड्या हाताने धरले की तो पुसला जातो. म्हणून आधी हात ओले करायचे, माशाला वाळूत किंवा गवतावर टेकवायचे नाही आणि पाण्याबाहेर दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त ठेवायचे नाही. मुलांना त्याचवेळी स्वतःचा श्वास रोखून धरायला सांगा. ती घाई कशाची हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. गळ खोल गिळला असेल तर उचकटू नका, तोंडाजवळ दोरी कापून सोडून द्या. ओढून काढलेल्यापेक्षा असा मासा जगण्याची शक्यता जास्त असते. बादलीत मासा ठेवून पाहण्याचा आनंद मुलांना जरूर द्या, पण दहा मिनिटेच, सावलीत आणि भरपूर पाण्यात, कारण उन्हातल्या बादलीतले पाणी तळ्याच्या कितीतरी आधी तापते. पाणी फार तापलेले असेल त्या दिवसांत सोडलेले मासेही थकव्याने मरतात, तेव्हा अशा आठवड्यात सहल केली तरी गळ टाकू नये. मासा ठेवायचा असेल तर तो तडफडत ठेवू नका; डोक्यावर एकच नेमका फटका मारून लगेच मारा आणि बर्फात ठेवा. हे मुलीसमोर करावे की नाही, असे मला पुष्कळ आईबाप विचारतात. तिने विचारले तर लपवू नये आणि तिने तोंड फिरवले तर बळेच दाखवू नये. उरलेली गांडुळे पाण्यात किंवा काठाच्या मातीत सोडू नका, आणि तुटलेल्या दोरीचा एकही तुकडा मागे ठेवू नका. नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही आणि पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. परतताना एका रिकाम्या डब्यात दोरीचे तुकडे जमवण्याचे काम मुलाला दिले की तो दुसऱ्यांच्या दोऱ्याही वेचतो.

आता तीन रात्रींचा मुक्काम. त्याआधी घराजवळ दोन छोट्या संध्याकाळच्या सहली झालेल्या असाव्यात, म्हणजे काठी कशी धरायची आणि लाल रुमाल म्हणजे काय हे मुलांना ठाऊक असेल. मुक्कामात रोज एकच वेळ मासेमारीची ठेवा, तीही संध्याकाळची, आणि मधला एक दिवस गळाला हातही लावू नका. त्या दिवशी उथळ ओढ्यात दगड उलटून खालचे किडे पाहणे, पायांचे ठसे शोधणे, पोहणे असे काहीही करा. पावसाच्या दिवसासाठी गाठी मारायचा खेळ बरोबर असू द्या : जाड रंगीत दोरी आणि एक मोठा लोखंडी आकडा घेऊन गळ बांधायची गाठ मुलीला शिकवता येते, आणि एकदा ती बोटांत बसली की बारीक दोरीवरही जमते. मात्र ओली करून आवळायची हे पहिल्या दिवसापासून सांगा, कारण कोरडी आवळलेली नायलॉनची गाठ घर्षणाने तापून कमजोर होते.

आणि तुमची काठी. मुक्कामाला ती जरूर न्या. मुले झोपलेली असताना, आई त्यांच्याजवळ असताना, पहाटे पहिल्या उजेडापासून दोन तास एकट्याने जाऊन या; कुठे बसणार आहात ते सांगून जा, जॅकेट स्वतःही घाला, आणि मुले उठण्याच्या वेळेला काहीही झाले तरी परत या. दुसऱ्या दिवशी दुपारचे दोन तास आईचे, तेव्हा दोन्ही मुले तुमच्याकडे. मुलीने पहाटे बरोबर येण्याचा हट्ट धरला तर तिला सांगा की हाक मारली जाणार नाही, स्वतःहून जाग आली तरच यायचे. ती पहिले दोन दिवस उठणार नाही. तिसऱ्या दिवशी दारात बूट घालून उभी असेल, तर त्या दिवशी तुमची काठी पुन्हा आत ठेवावी लागेल.